जुन्या मेनूंचे उच्चाटन

एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत वापरणाऱ्यास स्वतःचा मेनू रचून मुख्य मेनूपट्टीत बसविता येत असे. पगारपत्रके किंवा साठ्याचे हिशेब करणाऱ्या अनेक स्प्रेडशीटना असे मेनू जोडलेले आढळतात. २००७ च्या आवृत्तीत मेनूपट्टीची जागा रिबनने घेतली. परंतु जुने मेनू नाहीसे झाले नाहीत. ते ‘ॲड-इन्स’ या टॅबखाली एकत्र दिसू लागले.

हे अवशेष निरुपद्रवी असतात, असे मानणे चूक होय. मेनू ही केवळ पाटी; प्रत्यक्ष काम मॅक्रो करतो, आणि तो कोणत्या फाइलीत आहे याची नोंद मेनूत असते. ती फाइल हलविलेली असेल, तर मॅक्रो सापडत नसल्याचा संदेश येतो. जुनी प्रत मूळ जागी राहिली असेल, तर तीच उघडते आणि कालबाह्य नियमांनी हिशेब होऊ शकतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात चुकीची सूचना कोणी देत नाही.

मेनू काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिलीट कस्टम कमांड’ निवडणे. एवढ्याने तो कायमचा गेला, तर प्रश्न मिटला. परंतु फाइल पुन्हा उघडताच तो परतला, तर त्याचे मूळ अन्यत्र आहे असे समजावे.

बहुधा हे मूळ फाइल उघडताच आपोआप चालणाऱ्या मॅक्रोत असते. ‘आल्ट’ व ‘एफ-११’ या कळा एकत्र दाबून संपादक उघडावा, ‘वर्कबुक ओपन’ किंवा ‘ऑटो ओपन’ या नावाच्या मॅक्रोतील मेनू जोडणाऱ्या ओळी शोधाव्यात आणि तेवढ्याच वगळाव्यात. काही वेळा टूलबार फाइलीलाच जोडलेला असतो. तो २००३ च्या आवृत्तीत ‘कस्टमाइझ’ चौकटीतील ‘अटॅच’ या सोयीने काढता येतो.

मात्र यांपैकी काहीही करण्यापूर्वी फाइलीची एक प्रत राखून ठेवावी आणि मेनूमागील मॅक्रो वाचावा. मेनू कालबाह्य झाला, म्हणून त्यामागील हिशेबही निरुपयोगी झाला असे नव्हे. ज्याने तो रचला तो कर्मचारी कदाचित केव्हाच निवृत्त झालेला असेल, आणि त्याच्या कामाची रीत त्या ओळींखेरीज कोठेही लिहिलेली नसेल. पाटी उतरवावी, घरात काय आहे ते पाहूनच.