पडदा काळा की पांढरा?

संगणकाच्या पडद्याचा रंग ही केवळ आवडीची बाब आहे, असे मला वाटत नाही. १९७३ च्या झेरॉक्स आल्टो संगणकाने कागदाप्रमाणे पांढऱ्यावर काळी अक्षरे दाखविली. उजळ पडद्यापुढे डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते व अक्षरांच्या कडा रेखीव दिसतात. काळ्या पडद्यापुढे ती विस्फारते. माझ्यासारख्या सिलिंड्रिकल नंबरवाल्यांना मग अक्षरे फिसकटलेली भासतात. म्हणून परीक्षेचे दीर्घ वाचन मी पांढऱ्यावरच करतो. मात्र वसतिगृहात निजानीज झाल्यावर काळा पडदाच बरा. ओएलईडी पडद्यावर काळे ठिपके विझलेलेच असतात, त्यामुळे बॅटरीही वाचते. तात्पर्य, डोळे आणि उजेड प्रत्येकाचे निराळे. म्हणून सॉफ्टवेअर करणाऱ्याने दोन्ही पर्याय दिलेच पाहिजेत.