एका अक्षराचा फरक : हार्मोन रिसेप्टर आणि स्तनाचा कर्करोग

स्तनाचा कर्करोग हा विषय आपल्याकडे अजूनही दबक्या आवाजात बोलला जातो. होस्टेलच्या कट्ट्यावर तर तो निघतच नाही. पण २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाल्याचा अंदाज आहे. आपल्यापैकी कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची आत्या त्यात असणारच. अशा घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय" आणि "हे आपल्या रक्तातच आहे". या दोन्ही वाक्यांचा अर्थ नीट समजून घेऊया.

रिसेप्टर म्हणजे काय?

इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातलं महत्त्वाचं हार्मोन. ते रक्तातून सगळीकडे फिरतं, पण काम मात्र ठराविक पेशींमध्येच करतं. कारण त्या पेशींत त्याला ओळखणारं प्रथिन असतं. हेच इस्ट्रोजेन रिसेप्टर. हार्मोन ही किल्ली धरली, तर रिसेप्टर हे कुलूप. किल्ली बसली की दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवर जाऊन बसतात आणि काही जनुकं चालू करतात. स्तनातल्या पेशींना त्यातून विभाजनाचा आदेश मिळतो. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चूक होण्याची शक्यता आलीच. (जर्नल्स लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!)

हे रिसेप्टर बनवणारं मुख्य जनुक म्हणजे ईएसआर-१. ते सहाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यापासून ५९५ अमिनो आम्लांची साखळी तयार होते.

'पॉझिटिव्ह' कशाला म्हणतात?

गाठीचा तुकडा तपासताना त्यातल्या पेशींत हे रिसेप्टर आहेत का, ते रंग देऊन पाहतात. असतील तर रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' असं येतं. ही तपासणी गाठीची आहे, घराण्याची नव्हे. उलट पॉझिटिव्ह असणं उपचाराच्या दृष्टीने सोयीचंच असतं, कारण टॅमॉक्सिफेनसारखं औषध त्याच कुलपात जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनची वाट अडवतं. हार्मोनविरोधी उपचार अनेक महिने-वर्षं चालल्यावर कधीकधी गाठीतल्या ईएसआर-१ जनुकातच बदल होतो आणि औषध चालेनासं होतं. हा बदलसुद्धा गाठीपुरताच. तो मुलीकडे जात नाही.

मग रक्तात काय येतं?

आई-वडिलांकडून आपल्याला डीएनएच्या अब्जावधी अक्षरांची एकेक प्रत मिळते. माणसामाणसांत त्यातली काही अक्षरं वेगळी असतात. रिसेप्टरच्या जनुकात किंवा त्याच्या आसपास असं अक्षर वेगळं असेल तर कर्करोगाचा धोका बदलतो का? या प्रश्नावर अनेक छोटे अभ्यास झाले. कुणी म्हणालं धोका वाढतो, कुणी म्हणालं कमी होतो. मोठ्या संख्येने नमुने तपासल्यावर त्यातले बरेच दावे टिकले नाहीत. थोड्या रीडिंग्जवर ग्राफ काढला की काय होतं, ते आपण लॅबमध्ये पाहतोच.

२००९ साली मात्र एक भक्कम धागा हाती लागला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी शांघायमधल्या हजारो स्त्रियांचे डीएनए तपासले. सहाव्या गुणसूत्रावर, ईएसआर-१ च्या जवळच, एका जागी काहींमध्ये 'जी' ऐवजी 'ए' हे अक्षर होतं. 'ए' ची एक प्रत असणाऱ्यांत धोका साधारण एक-तृतीयांशाने जास्त, दोन्ही प्रती 'ए' असतील तर दीडपटीहून थोडा जास्त दिसला.

गंमत म्हणजे ही जागा प्रथिनाचा आराखडा लिहिलेल्या भागात नाहीच! ती जनुकाबाहेर आहे. पुढच्या अभ्यासांत दिसलं की या परिसरातले बदल जनुक किती चालावं यावर परिणाम करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मोटर तीच, फरक कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगमध्ये.

गणित करून पाहू

'धोका दीडपट' वाचलं की छातीत धस्स होतं. पण कशाच्या दीडपट? सोयीसाठी धरू की दोन्ही प्रती 'जी' असलेल्या १०० स्त्रियांपैकी ३ जणींना आयुष्यात हा आजार होतो. मग एक 'ए' असलेल्या १०० पैकी सुमारे ४ आणि दोन 'ए' असलेल्या १०० पैकी सुमारे ५. म्हणजे उरलेल्या ९५ जणींना तो होत नाही! याउलट बीआरसीए-१ या जनुकात घातक बदल असेल, तर ८० वर्षांच्या वयापर्यंत १०० पैकी सुमारे ७० जणींना हा आजार होऊ शकतो. दोन्हींना 'जनुकीय धोका' असंच म्हणतात, पण एक टाचणी आहे आणि दुसरी पहार. बातमी वाचताना टक्केवारीआधी मूळ आकडा शोधायचा, तो एवढ्यासाठी.

आणखी एक. ही गुणसूत्रं वडिलांकडूनही येतात. त्यामुळे घरचा इतिहास सांगताना आजी-मावशीबरोबर आत्याचंही नाव घ्यायला हवं. पुरुषांनाही हा कर्करोग होतो, जरी क्वचित.

मग करायचं काय?

एका अक्षरावरून भविष्य सांगता येत नाही, पण गाठ वेळेवर सापडू शकते. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, मशीनशिवाय, फक्त हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडत होता आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की आईला मार्कांबरोबर हेही सांगा. गाठ लागली, त्वचेवर खळी पडली, स्तनाग्रातून रक्त आलं तर "बघू दिवाळीनंतर" नको. दुखत नाही म्हणून थांबणं तर मुळीच नको. बोलायला संकोच वाटेल, वाटू द्या. पण बोला.