सहल वाळवंटाची, धडा पाण्याचा

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही घरची सात माणसे राजस्थानचे वाळवंट पाहून आलो. दोन वर्षे भिशीत पैसे टाकले होते. नागपूरहून रेल्वेने जोधपूर आणि तिथून भाड्याच्या गाडीने जैसलमेर, असा बेत होता. आई, भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि मुलगा, आमची लेक आणि आम्ही.

सहल चांगली झाली. पण तिसऱ्या रात्री भाचीला जैसलमेरच्या सरकारी रुग्णालयात भरती करावे लागले. ती चौदा वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे, एसएस प्रकारचा. घरात नर्सिंगचा डिप्लोमा केलेले, वीस वर्षे वॉर्डात ड्यूटी केलेले माणूस बरोबर होते, तरी ही वेळ आली. चूक झाली ती आमच्याकडून झाली. विदर्भात आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेलची माणसे घरोघरी आहेत आणि आता आपली मुले-माणसे फिरायलाही निघाली आहेत. म्हणून ही चूक इथे सविस्तर सांगतो.

सिकलसेलमध्ये पाणी का महत्त्वाचे?

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. बारीक रक्तवाहिनीतूनही त्या वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये या पेशी कडक होतात आणि विळ्याच्या आकाराच्या बनतात. मग त्या बारीक वाहिनीत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, मांड्या, पाठ, पोट असह्य दुखते. यालाच आपण ‘क्रायसिस’ म्हणतो.

क्रायसिस सुरू व्हायला काही कारणे ठरलेली आहेत: अंगातले पाणी कमी होणे, थंडी लागणे, अति दमणे, ताप किंवा जंतुसंसर्ग. आता वाळवंटाचा विचार करा. हवा कोरडी. दिवसभर ऊन आणि वारा. सूर्य बुडाला की थंडी. वर गाडीचा लांबचा प्रवास. म्हणजे सगळी कारणे एकाच ठिकाणी.

आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते. सिकलसेलच्या रुग्णाची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. पाणी कमी प्यायले तरी लघवी भरपूर होत राहते आणि ती फिकटच दिसते. इतरांना आपण सांगतो की लघवी पिवळी गर्द झाली तर पाणी वाढवा. एसएस रुग्णाला ही खूण लागू पडत नाही. लघवी स्वच्छ दिसते आणि अंग आतून कोरडे पडत असते. म्हणून अशा रुग्णाने तहानेवर किंवा लघवीच्या रंगावर न जाता मोजून पाणी प्यायचे असते.

त्या दिवशी काय झाले

आम्ही मुद्दाम डिसेंबर निवडला होता. वाळवंटातला उन्हाळा काय असतो ते ऐकून होतो. जोधपूर-जैसलमेर पट्ट्यातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. डिसेंबरात दुपारी पंचवीस-सव्वीस अंशच असते. हवा छान वाटते आणि घाम दिसत नाही. इथेच फसगत होते. कोरड्या हवेत घाम अंगावर यायच्या आत उडून जातो. शिवाय प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा बाहेर पडतो. कपडे कोरडे राहतात, म्हणून माणसाला वाटते आपले पाणी गेलेच नाही.

सकाळी जैसलमेरहून राष्ट्रीय मरुउद्यान पाहायला निघालो. वनखात्याची परवानगी काढावी लागते, ती काढली. हे उद्यान १९८० साली झाले. क्षेत्र तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले. सगळीकडे वाळूचे डोंगर असतील असे मुलांना वाटले होते. पण इथे जास्त करून गवताळ माळ, खडकाळ जमीन आणि मधूनच खेजडीची झाडे दिसतात. खेजडी म्हणजे आपली शमी. चिंकारा हरणांचा कळप दिसला. आणि खूप लांब, दुर्बिणीतून, दोन माळढोक दिसले. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्यांचा राज्यपक्षी आहे. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य याच पक्ष्यासाठी १९७९ साली झाले. आता देशभरात मिळून दोनशे माळढोकही उरलेले नाहीत. मादी बहुतेक एकच अंडे घालते. त्यात विजेच्या तारांवर आदळून हे जड पक्षी मरतात.

मुलांना तिथे आम्ही मोठ्या हौशीने पाण्याचाच पाठ दिला. चिंकाऱ्याला पाला आणि गवतातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढता येतात. उंटाच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. पण तो अंगातले पुष्कळ पाणी गमावूनही चालत राहतो आणि मिळाले की एका दमात शंभर लिटरच्या आसपास पितो. माणसाला यातले काही जमत नाही. माणसाच्या अंगात पाण्याची टाकी नाही. त्याने थोडे थोडे, दिवसभर प्यायला हवे. हे आम्ही बोलत होतो आणि भाची आमच्या शेजारी बसून ऐकत होती.

संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त पाहायला गेलो. मुले अनवाणी पळाली. शाली गाडीत राहिल्या. सूर्य गेला तशी वाळू थंड पडली आणि गार वारा सुटला. ढग नाहीत, हवेत ओलावा नाही, त्यामुळे दिवसाची ऊब जमिनीत टिकत नाही. रात्री मुक्कामी आल्यावर साडेआठच्या सुमारास भाची म्हणाली, “आत्या, मांड्या लय दुखून राहिल्या.”

पांघरूण दिले, कोमट पाणी पाजले, शेकले, पॅरासिटामॉल दिली. दोन तासांत दुखणे उतरण्याऐवजी पाठीत चढले. ती रडेनाशी झाली, नुसती कण्हत होती. आम्ही ड्रायव्हरला उठवले. “दीदी, चलो,” एवढेच तो म्हणाला आणि गाडी काढली. रुग्णालयात डॉक्टरांनी तिचे सिकलसेलचे कार्ड आणि जुने रिपोर्ट पाहिले. सलाईन लागली, दुखण्याचे इंजेक्शन मिळाले. पहाटे ती झोपली. दोन दिवसांनी सुटी झाली.

त्या पहाटे सामान आवरताना तिची पाण्याची बाटली हाती आली. आदल्या सकाळी आम्हीच भरून दिलेली एक लिटरची बाटली. ती पाऊण भरलेली होती.

जागी झाल्यावर तिला विचारले. ती म्हणाली, “आत्या, पिलं असतं तर जाणार कुठे होती? तिथं एक झाड बी नव्हतं आडोशाला.”

मग आईला विचारले, वहिनीला विचारले, आमच्या लेकीला विचारले. त्यांनीही दिवसभरात दोन-दोन घोटच घेतले होते. पुरुष प्यायले होते. त्यांना रस्त्याच्या कडेला उभे राहता येत होते. आम्ही स्वतःही कमीच प्यायलो होतो आणि ते का, हे मनाला विचारले नव्हते. दिवसभर आम्ही “पाणी प्या, पाणी प्या” म्हणत होतो. लघवीला कुठे जायचे, हे मात्र सात जणांत कुणीच ठरवले नव्हते. वॉर्डात आपण पेशंटला पाणी देतो तेव्हा बेडपॅनही जवळ ठेवतो. प्रवासात ते विसरलो. चूक ती हीच.

निघण्याआधी काय करावे

१) सिकलसेलच्या रुग्णाला आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. किती पाणी प्यायचे ते विचारून कागदावर लिहून घ्या. मोठ्या माणसाला एरवीच दिवसाला साधारण तीन लिटर सांगतात. मुलांचे वजनावर ठरते. कोरड्या हवेत आणखी लागते.

२) हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड या गोळ्या सहलीतही रोज घ्यायच्या. दोन-चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा.

३) कार्ड, रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी सामानाच्या तळाशी ठेवू नका, जवळच्या पिशवीत ठेवा. राजस्थानच्या या भागात सिकलसेल रोज दिसणारा आजार नाही. कार्ड दिसले की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

४) बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाबद्दल डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. इन्सुलिन उभ्या गाडीत उन्हात ठेवू नका आणि बर्फालाही थेट लावू नका.

गाडीत काय करावे

१) पहिल्याच सकाळी ड्रायव्हरदादाला सांगा: दर दोन तासांनी गाडी थांबेल, कारण विचारायचे नाही. पेट्रोल पंप दिसला की आधी बायका-मुली उतरतील. हे घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः सांगावे. मुलीला तोंड उघडायला लावू नका.

२) जुनी नऊवारी किंवा मोठी चादर आणि छत्री बरोबर ठेवा. दोघींनी धरली की आडोसा होतो. मग्गा, साबण, जादा पॅड आणि वापरलेले पॅड ठेवायला कागद व पिशवी घ्या.

३) प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा. थांब्याला मोठ्या माणसाने बाटल्या नुसत्या डोळ्यांनी पाहाव्यात. “प्यायलीस का?” या प्रश्नाला मुली “हो” म्हणतात. बाटली खोटे बोलत नाही.

४) लघवी धरून ठेवल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग होतो. सिकलसेलमध्ये त्यातूनही क्रायसिस येऊ शकतो.

५) पश्चिम राजस्थानात पुष्कळ ठिकाणचे जमिनीतले पाणी खारे आणि फ्लोराइडचे असते. पिण्यासाठी सीलबंद किंवा खात्रीचे, शुद्ध केलेले पाणीच घ्या.

६) ओआरएसची पाकिटे ठेवा. एक लिटरचे पाकीट एक लिटरमध्येच पूर्ण घाला, अर्धे-अर्धे अंदाजाने करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्या.

७) सूर्य बुडायच्या आधी स्वेटर, मोजे, कानटोपी चढवा. थंडी वाजल्यावर घातले तर सिकलसेलच्या मुलाला उशीर झालेला असतो.

दुखणे सुरू झाले तर

ऊब द्या, कोमट पाणी किंवा ओआरएस घोट घोट पाजा, दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. बर्फ कधीच लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेली गोळी ठरल्या मात्रेत द्या. त्याने आराम पडला नाही तर थांबू नका.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर लगेच १०८ ला फोन करा किंवा रुग्णालय गाठा: छातीत दुखणे, दम लागणे, ताप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना अडखळणे, एकदम पांढरेफटक पडणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला फुगणे.

उन्हाळ्यात कुणीही, सिकलसेल असो वा नसो, उन्हात बडबडू लागला, झटके आले, शुद्ध हरपली आणि अंग तापले असेल तर तो उष्माघात आहे. सावलीत आणा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा, आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलने उष्माघात उतरत नाही.

जाता जाता नारूची गोष्ट

रुग्णालयात दोन दिवस बसलो होतो तेव्हा आईने नारूची आठवण काढली. तिच्या लहानपणी गावात पायातून दोऱ्यासारखा नारू निघालेली माणसे तिने पाहिली होती. साठलेल्या पाण्यातल्या बारीक किड्यांमधून तो पोटात जायचा. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली याच जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. नारूवर ना लस होती ना औषध. पाणी कापडाने गाळा, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, एवढेच आरोग्य कर्मचारी दारोदार सांगत राहिले. त्या सांगण्याने रोग गेला.

सिकलसेल असा जाणार नाही, कारण तो आई-वडिलांकडून येतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात पंचवीस टक्के शक्यता एसएस मुलाची असते. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते, आशाताईंना विचारा. पण क्रायसिस मात्र पुष्कळदा टाळता येतो. तो टाळण्याचा उपाय नारूसारखाच साधा आहे: पाणी, ऊब, आणि आडोसा.

परतीच्या वाटेवर भावाने ड्रायव्हरला स्वतः सांगितले. गाडी दर दोन तासांनी थांबली. वहिनीने आणि आमच्या लेकीने चादर धरली. पोकरण येईपर्यंत भाचीची बाटली रिकामी झाली होती आणि दुसरी भरून घ्यायला ती स्वतः उतरली.