शाळकरी मुलांचे जेवण आणि बांधीचा धुरा

शाळा उघडण्याचा व रोवणीचा हंगाम आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत जवळजवळ एकाच वेळी येतो. उन्हाच्या कडाक्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांहून उशिरा, जूनच्या अखेरीस भरू लागतात. तोवर पऱ्हे टाकून झालेले असतात, आणि बांधीत पाणी साचले की घरातील कर्ती माणसे दिवस उजाडण्यापूर्वीच चिखलात उतरतात. मागे घरी राहते ते मूल आणि रात्रीचा शिळा भात. पुष्कळ घरी ते मूल घोटभर चहा घेऊन शाळेत जाते. घरात धान्य नाही म्हणून असे होते असे नव्हे. ज्यांच्या ढोलीत धान आहे अशा घरांतूनही हेच घडते. म्हणून मुलांच्या आहाराचा विचार चुलीपाशी नव्हे, तर पेरणीच्या वेळी शेतातच करावा लागतो, हे येथे सांगावयाचे आहे.

शाळेत दुपारी जेवण मिळते, मग चिंता कशाची, असे कोणी म्हणेल. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशानंतर कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न देणे सरकारांस बंधनकारक झाले. पाचवीपर्यंतच्या मुलास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, आणि सहावी ते आठवीच्या मुलास अनुक्रमे १५०, ३० व ७५ ग्रॅम असे प्रमाण ठरले आहे. लहान मुलास त्यातून सुमारे ४५० उष्मांक मिळतात. परंतु सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे १७०० उष्मांक लागतात. म्हणजे तीन चतुर्थांश भार घरावरच राहिला. शिवाय हे जेवण आठवीनंतर थांबते. नववी-दहावीत मुलाची उंची झपाट्याने वाढत असते, मुलींची पाळी सुरू झालेली असते आणि रक्ताची गरज वाढलेली असते. नेमक्या त्याच वयात दुपारचे ताट शाळेतून नाहीसे होते, इकडे पालकांचे लक्ष क्वचितच जाते.

आता आपल्या ताटाकडे पाहू. त्यात भात पुष्कळ आणि डाळ पातळ असते. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर तुरीच्या डाळीत २० ग्रॅमांहून अधिक. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तांदळाच्या प्रथिनांत जो अंश उणा असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो उणा तो तांदळात असतो. दोन्ही खाल्ली तर मुलाच्या अंगी अधिक चांगली लागतात. नुसत्या भाताने पोट फुगते, पण हाडांवर मांस चढत नाही.

तांदळाविषयीही थोडे सांगणे जरूर आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे ह्यांनी धानाच्या उभ्या पिकातून वेगळ्या लोंब्या हेरून एचएमटी हा बारीक वाण सिद्ध केला. ते २०१८ मध्ये निवर्तले, तरी त्यांचा तांदूळ दूरदूरच्या बाजारांत विकला जातो. ह्याचा आपणांस अभिमान असावा. मात्र बाजाराला पांढराशुभ्र तांदूळ हवा म्हणून घरच्या धानालाही गिरणीत तेवढीच झिलई देणे हे शहाणपण नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आयकमन नावाच्या डच वैद्यास असे आढळले की, केवळ पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. कोंड्यातील ज्या जीवनसत्त्वाने हा फरक पडतो त्याचे नाव थायमिन. पुढे कुन्नूर येथील आहार संशोधनशाळेत आयक्रॉइड ह्यांनी दाखवून दिले की, उसन्या तांदळात हे सत्त्व बरेच टिकून राहते; कारण धान भिजवून वाफवितांना ते कोंड्यातून दाण्यात उतरते. तेव्हा विकावयाचा तांदूळ वेगळा आणि घरचा वेगळा ठेवावा. घरच्यासाठी उसना, अथवा एकदाच हलका काढलेला तांदूळ असावा. तो फार चोळून धुऊ नये, आणि भाताची पेज गुरांपुढे न ओतता मुलांस द्यावी.

सकाळच्या न्याहारीसाठी नवे काही शिकावयास नको. रात्री मूठभर मूग, बरबटी अथवा चणे भिजत घातले, तर सकाळी भाताच्या चुलीवरच त्यांच्या घुगऱ्या होतात. वेळ अगदीच नसेल तर भाजलेले फुटाणे व गुळाचा खडा मुलाच्या हाती द्यावा. जवसाची चटणी, शेवग्याचा पाला घातलेले वरण, उकडलेले अंडे, ह्यांपैकी एक वस्तू भाताबरोबर असली तरी न्याहारीचे रूप पालटते. चहा मात्र जेवणाबरोबर मुळीच देऊ नये; त्यातील तुरट अंश अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. पावसाळ्यात शिळा भात लवकर आंबतो, म्हणून रात्रीचा भात सकाळच्या न्याहारीपुढे ठेवू नये.

रान व तलाव ह्यांची मदतही विसरू नये. पावसाच्या आरंभी तरोट्याची कोवळी भाजी फुकट मिळते. बांबूचे वास्ते उकडून, ते पाणी टाकून मगच रांधावे, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. बोडीतील व मामा तलावातील बारीक मासे काट्यांसह खाल्ले असता मुलांस चुना मिळतो. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तरी तलाव अद्याप आहेत. मार्च-एप्रिलात शाळा सकाळची असते, तेव्हा वाळविलेली मोहफुले भाजून तिळाबरोबर कुटून केलेला लाडू मुलांस चांगला पुरतो. मोहाचे नाव निघताच लोकांस दारू तेवढी आठवते, हा त्या झाडावर अन्याय आहे.

ह्याच्या उलट खर्ऱ्याची गोष्ट. भूक मारण्यासाठी बांधीत खर्रा तोंडात धरणारा बाप आपल्या मुलास तोच उपाय नकळत शिकवीत असतो. एका खर्ऱ्याच्या पैशांत दोन अंडी येतात.

चांगले जेवूनही मूल फिकट, थकलेले दिसत असेल, वारंवार सांधे दुखतात म्हणून रडत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा वंशपरंपरेने येणारा रक्तदोष पुष्कळ घरांत आहे. अशा मुलास वैद्यकीय सल्ल्यावाचून लोहाच्या गोळ्या वा बाजारी टॉनिक देणे अपायकारक ठरू शकते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आता शेताकडे वळू. दोन मोठी माणसे व तीन मुले अशा घरास दर माणशी ६० ग्रॅम धरली तर दिवसाला ३०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ११० किलो डाळ लागते. तेवढ्या डाळीसाठी सुमारे दीड क्विंटल अख्खे कडधान्य हवे. हे पीक आपल्या आजोबांच्या काळी वेगळी जमीन न अडविता निघत असे. धुऱ्यावर तूर, आणि धान कापणीपूर्वी पंधरा-वीस दिवस उभ्या बांधीत ओलीवर फेकलेली लाखोळी व जवस. हा उतेरा आज मागे पडला, त्याची कारणे उघड आहेत. कापणीयंत्राच्या चाकांखाली कोवळी रोपे चिरडतात, कापणी झाली की गुरे मोकाट सुटतात, आणि पाणी असेल तेथे उन्हाळी धान येते. एकट्याने उतेरा राखणे कठीण. एका तलावाखालच्या बांधीवाल्यांनी मिळून गुरे आवरण्याची तारीख ठरविली तरच तो टिकतो.

लाखोळीविषयी एक इशारा. तिच्यात प्रथिने तुरीहून अधिक आहेत, पण तिच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते; १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ते ओळखले. दुष्काळात महिनोन् महिने केवळ लाखोळीवर राहिलेल्या लोकांचे पाय कायमचे लुळे पडल्याची हकिकत स्लीमन ह्यांनी सागर प्रांताविषयी लिहून ठेवली आहे. म्हणून ती रोजची एकमेव डाळ करू नये. रतन, प्रतीक, महातिवडा हे विष कमी असलेले वाण पेरावे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, व आठवड्यातून एक-दोन वेळांपलीकडे, तीही तूर-मुगाच्या जोडीने वापरावी.

तूर घरी येते माघाच्या सुमारास, आणि व्यापारी खळ्यावरच हजर असतो. आपण ती विकतो, आणि आषाढात तीच चढ्या भावाने किलो-किलो विकत आणतो. मग वरण पातळ होते. ह्यासाठी माप घालण्यापूर्वीच घरचे दीड क्विंटल कडधान्य बाजूला काढावे. ते कडक उन्हात दोन दिवस वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घालून, कोरड्या ढोलीत तोंड लिंपून ठेवावे. त्यातील निम्मा वाटा जून ते सप्टेंबरसाठी राखावा, आणि ढोली उघडण्याचा अधिकार घरच्या बाईकडे असावा.