कूर्चेचे पुनर्निर्माण आणि संधिगतवात : डॉ. लार्स पीटरसन यांच्या कार्याचा अभ्यास

गुडघ्याच्या संधिगतवाताचा रुग्ण हल्ली चिकित्सालयात येतो तो एक प्रश्न घेऊनच : झिजलेली कूर्चा पुन्हा तयार करणारे औषध आपणाकडे आहे काय? या प्रश्नास जबाबदारीने उत्तर देता यावे, यासाठी स्वीडनमधील गोटेबर्ग येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. लार्स पीटरसन यांच्या कार्याचे अध्ययन आम्हांस उपयुक्त वाटते.

नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदविले होते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ असतात. त्यामुळे तिचे रोपणसामर्थ्य अल्प असते. पीटरसन यांनी सशांवरील प्रयोगांनंतर १९८७ मध्ये पहिल्या रुग्णावर स्वपेशीरोपण केले. गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून निरोगी कूर्चेचा लहान तुकडा घ्यावयाचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत दोन ते तीन आठवडे वाढवावयाच्या, क्षतावर नडगीच्या हाडावरील आवरणाचा पापुद्रा शिवावयाचा आणि त्याखाली त्या पेशी सोडावयाच्या, असा हा विधी होता.

१९९४ मध्ये ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांनी २३ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर क्षत असलेल्या १६ पैकी १४ रुग्णांत फल चांगले वा उत्तम मिळाले. गुडघ्याच्या वाटीच्या ७ रुग्णांपैकी मात्र केवळ दोघांत. हे अपयशही त्यांनी मांडले. वाटीची सरकण्याची दिशा सदोष असेल तर तीही सुधारावी लागते, हा बोध पुढील कामातून झाला. आपल्या निदानपरिवर्जनाच्या तत्त्वाशी हे किती जुळते!

२००४ मध्ये नॉर्वेतील ८० रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात, हाडास सूक्ष्म छिद्रे पाडण्याच्या सोप्या शस्त्रकर्माहून हे रोपण दोन वर्षांअंती सरस ठरले नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९९४ च्या वृत्तान्तातील रुग्ण १४ ते ४८ वयाचे होते आणि त्यांची क्षते मर्यादित होती. अमेरिकेत १९९७ मध्ये या पद्धतीस मान्यता मिळाली तीही आघातजन्य क्षतांपुरतीच, संधिगतवातासाठी नव्हे.

येथेच आपणांस विवेक हवा. खड्डा बुजविणे वेगळे आणि संपूर्ण संधीची विकृती शमविणे वेगळे. तरुण रुग्णास आघातानंतर गुडघा अडकण्याची तक्रार असेल, तर त्यास विलंब न लावता अस्थिशल्यचिकित्सकांकडे पाठवावे. वृद्ध रुग्णात स्नेहन, स्वेदन, बस्ती, वजननियंत्रण व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांची योजना करून वेदना आणि चालण्याची क्षमता यांची नोंद ठेवावी. औषधनिर्मात्यांनीही वेष्टनावर कूर्चा पुन्हा निर्माण होण्याचे अभिवचन छापू नये. त्या शब्दांवर विसंबून रुग्ण आपली पुंजी खर्च करतो आणि योग्य चिकित्सेचा काळ गमावतो. वेदना कमी होणे हेही मोठे फल आहे; तेवढेच सांगावे, आणि ते नोंदींनी सिद्ध करावे.