पैशाचे पाय : सहलीतील एक निरीक्षण-पाठ

पावसाळी सहल म्हणजे इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासाला आयती चालून आलेली संधी होय. सिंहगडावर आतकरवाडीकडून जाणाऱ्या पायवाटेवर आषाढ-श्रावणात पालापाचोळा भिजून मऊ होतो, आणि त्यातून तांबूस-काळसर, गुळगुळीत, असंख्य पायांचा एक प्राणी संथपणे सरपटत जाताना दिसतो. स्पर्श होताच तो वेटोळे करून नाण्यासारखा पडून राहतो, म्हणून मुले त्यास ‘पैसा’ म्हणतात. काही भागांत त्याला ‘वाणी’ असेही नाव आहे.

एका शाळेच्या वर्गाला तो दिसला, तेव्हा एका मुलाने तत्काळ काठी उगारली. शिक्षकांनी त्याला रागावून थांबविले नाही, हे योग्यच झाले. त्याच्या धाकट्या बहिणीला मागील वर्षी घरात घोण चावली होती आणि ती रात्रभर कळवळत होती. त्याची भीती ऐकीव नव्हती. “गुरुजी, ही घोणच आहे,” तो म्हणाला. “असेलही बाळ. आधी फोटो घेऊ, पाय मोजू, मग ठरवू,” असे म्हणून शिक्षकांनी खिशातून मोबाइल काढला. काठी खाली आली. हातातून मात्र सुटली नाही.

पहिले छायाचित्र वरून घेतले. लांबी कळावी म्हणून प्राण्याला न लागेल अशी मोजपट्टी शेजारी ठेवली. परंतु वरून पाय जवळजवळ दिसत नाहीत; खरे काम दुसऱ्या छायाचित्राचे होते. त्यासाठी शिक्षकांना ओल्या वाटेवर गुडघे टेकून मोबाइल जमिनीलगत आडवा धरावा लागला. गुळगुळीत पाठीवर उजेड चमकून तपशील पुसला जातो, म्हणून फ्लॅश बंद ठेवला. प्राण्याला उलटे केले नाही की काडीने डिवचले नाही. वेटोळे झाल्यावर पाय आत दडतात आणि पाठच संपतो.

पडद्यावर चित्र मोठे करताच मुलांनी मोजणी सुरू केली. शरीराच्या बहुतेक प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या, म्हणजे चार पाय. घोणीच्या किंवा गोमेच्या वलयाला एकच जोडी असते. तिचे शरीर चपटे, पाय बाजूंना पसरलेले आणि चाल अतिशय वेगवान असते. तिच्या पायांच्या पहिल्या जोडीचेच विषारी नख्यांत रूपांतर झालेले असते. पैशाला अशा नख्या नाहीत. तो कुजका पाला खातो आणि त्याची माती होण्यास हातभार लावतो.

येथे गणिताचाही तास झाला. वलये ४६ भरली. पहिल्यास पाय नाहीत, पुढील तिघांस एकेक जोडी, शेवटची दोन बिनपायांची; उरलेल्या ४० वलयांचे १६० आणि आधीचे ६, एकूण १६६ पाय. शास्त्रीय भाषेत ह्या गटास सहस्रपाद म्हणतात, पण हजार पायांचा असा एकही प्राणी २०२१ पर्यंत कोणास ठाऊक नव्हता. त्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जमिनीखालच्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्या एका मादीला १,३०६ पाय होते. हे ऐकून वर्गातील एकाने तिला चपला किती लागतील असे विचारले, आणि त्यावर बराच वेळ गेला.

मुलांना प्राणी निरुपद्रवी आहे एवढेच सांगून भागत नाही. पैसा चावत नसला, तरी संकटात अंगातून उग्र वासाचा द्रव सोडतो. तो त्वचेवर डाग पाडतो व डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो. म्हणून हाताळू नये. हाताळलाच तर हात साबणाने धुवावेत व तोवर डोळे चोळू नयेत. दगड उचलून शोधण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्याखाली खरी घोण असू शकते.

छायाचित्राखाली तारीख, स्थळ आणि लांबी लिहून ते वर्गाच्या निरीक्षण-वहीत लावले, तर पुढील वर्षीच्या मुलांनाही उपयोगी पडते.

उतरताना वाटेत आणखी एक पैसा आडवा आला. काठी अजून त्या मुलाच्या हातात होती. तो दोन हात अंतरावर थांबला, वाकला, बराच वेळ पाहत राहिला आणि मागच्यांना म्हणाला, “चार आहेत. कडेने या.”