जीर्ण हनुशूल व वेदनासंवेदनशीलता

शुष्कान्नभक्षण, अतिजिह्वालेखन व अभिघात यांनी हनुमूलस्थ वायू प्रकुपित होतो, असे अष्टांगहृदयाचे निदानस्थान सांगते. जबड्याच्या स्नायूंच्या जीर्ण विकारात अनेक रुग्णांना जबड्यापासून दूर, हातावर दिलेला अल्प दाबही दुखतो. ही मज्जासंस्थेची वाढलेली संवेदनशीलता होय, ढोंग नव्हे. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गालाच्या व शंखप्रदेशीच्या स्नायूंवर सुमारे १ किलो दाब देऊन ‘नेहमीची वेदना हीच का?’ असे विचारावे. जोरकस मर्दन टाळून मृदू स्नेहन-स्वेदन योजावे. वेळापूरसारख्या गावी गुटखा-सुपारी खाणाऱ्याचे तोंड कमी उघडत असल्यास केवळ हनुग्रह न समजता मुखपरीक्षण करून दंतवैद्यांकडे पाठवावे. वारंवार वेदनाशामक मागणाऱ्यास औषधविक्रेत्यांनीही तपासणीचा सल्ला द्यावा.